घोडा थांबेल, टेप थांबणार नाही

बाबासाहेब पुरंदरे यांचं ‘जाणता राजा’ हे शिवाजी महाराजांवरचं महानाट्य १९८५ साली आलं आणि पुण्यातल्या नाटकवेड्या पोरांना मावळा व्हायचं एक हक्काचं ठिकाण मिळालं. मीही मावळा झालो आणि पुढे पडद्यामागच्या कामातच रमलो. समोर बसलेल्याला हत्ती, घोडे, उंट, शेकडो कलाकार आणि अनेक मजल्यांचा किल्ला दिसतो. मागे उभं राहून जे कळलं ते असं :

१. आधी आवाज, मग माणूस. बालगंधर्व रंगमंदिरातल्या नाटकात नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, वाक्य विसरला तर समोरचा सांभाळून घेतो. इथे संवाद, संगीत सगळं ध्वनिमुद्रित. महाराजांचं वाक्य सुरू झालं की महाराज जागेवर हवेतच. म्हणून तालमीत आम्ही शब्दांइतकंच आधीचं संगीत कानात मुरवायचो. आणि नुसते ओठ हलवून भागत नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा नट लांबूनही ओळखू येतो, कारण त्याचे खांदे, मान, हात बोलत नाहीत. टेप वाजत असली तरी खणखणीत आवाजात बोलायचं. ऐकू कोणालाच जात नाही, पण दिसतं.

२. पहिली वाट जनावराची. घोड्याला टेप कळत नाही, मोतद्दाराला कळते. एंट्रीच्या आधी तो घोड्याच्या गळ्यावरून हात फिरवत, हलक्या आवाजात काहीतरी बोलत उभा असतो. त्या वेळी त्याच्याशी गप्पा मारायला जाऊ नये. हत्तीच्या बाबतीत माहुताचा शब्द शेवटचा. वळायला किती जागा लागेल, वायरी कुठून न्यायच्या, तोफेचा आवाज होताना कोण कुठे उभं राहील, हे आधी ठरवायचं आणि उरलेल्या जागेत माणसांनी बसवून घ्यायचं. उलट करून पाहिलेल्यांची धांदल मी पाहिली आहे.

३. एक माणूस, दोन फौजा. आत्ता ‘हर हर महादेव’ म्हणत गेलेला मावळा दुसऱ्या बाजूने मोगल होऊन येतो. मधल्या वेळात आरसा बघायची सोय नाही. म्हणून कपडे घालायच्या क्रमाने गठ्ठ्यात रचायचे, जे आधी घालायचं ते सगळ्यात वर. बाराबंदीचे बंद दिसायला खरे, पण आतून हूक किंवा चिकटपट्टी हवी. अंधारात बारा गाठी कोण सोडणार? मिशी बदलायच्या भानगडीत पडू नये. लांबून माणूस ओळखला जातो तो डोक्यावरच्या पगडीने आणि चालीने.

४. मैदान दर वेळी नवं. लास वेगासच्या एका कॅसिनोत ‘ज्युबिली’ नावाचा भव्य खेळ १९८१ ते २०१६ एकाच थिएटरात चालला. त्यातली टायटॅनिक बुडायची ती रोज त्याच यंत्रावर. आमचा किल्ला ट्रकमधून यायचा. आज पुण्यात स. प. महाविद्यालयाचं मैदान, तर कधी थेट दिल्लीचा लाल किल्ला; एप्रिल २०१८ मध्ये तिथेही प्रयोग झाले. जमीन कुठे भुसभुशीत, कुठे खडबडीत. त्यामुळे सेट उभा राहिला की सगळ्यात आधी आपली वाट पायांनी मोजायची, दिवसा एकदा आणि दिवे मालवून एकदा. कागदावरच्या नकाशात खड्डा दाखवलेला नसतो.

५. गावची माणसं गर्दी भरायला नसतात. परगावच्या प्रयोगांत तिथले कलाकारही घेतले जात. त्यांच्या हाती तालमी थोड्या. त्यांना अख्खं नाटक समजावत बसू नये. ‘पुढच्याच्या पाठीवर नजर ठेव, तो वळला की वळ,’ एवढं पुरतं. पण जुन्या मुरलेल्या माणसाला रांगेत पुढे ठेवायचं, आणि दोन नवे एकमेकांमागे येऊ द्यायचे नाहीत.

६. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुण्यात तर विचारूच नका. १६६३ साली शाहिस्तेखानाची बोटं तुटली तो लाल महाल स. प.च्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे काय होणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग लोक श्वास रोखून का बसतात? क्षण अचूक पडतो म्हणून. टेपवरची किंकाळी आणि खानाची उडी यांत जराशी फट पडली की समोरून हसण्याचा आवाज येतो, आणि पुणेरी प्रेक्षक तो लपवत नाही.

७. शेवट आधी उभा करा. राज्याभिषेकाला सगळा लवाजमा एकदम लागतो. त्यामुळे पुढे आधीचा प्रवेश रंगात असताना मागे मिरवणुकीची रांग लागलेली असते. पालखी, भालदार, चोपदार, हत्ती, सगळे क्रमाने. ज्याचं काम संपलं तो घरी जात नाही, मशाल घेऊन रांगेत उभा राहतो.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतरही प्रयोग झाले. मला त्याचं नवल वाटलं नाही. नट बदलत गेले तरी आवाज तोच आणि क्रम तोच, अशी या नाटकाची बांधणीच आहे. म्हणून नव्या पोरांना माझं सांगणं एवढंच : आपला प्रवेश पाठ कराच, पण आपल्या आधीचा आणि नंतरचा त्याहून पक्का पाठ करा.