उणे 10 अंश, पण कुठल्या खोलीत?

थंड डिटेक्टरचा छोटा स्पेक्ट्रोमीटर घेणार असाल, तर माहितीपत्रकातला ‘उणे 10 अंश’ वाचून समाधान मानू नका. खोलीत किती तापमान असताना हे जमतं, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं काम रामन वर्णपटांचं. नमुन्यावर पडलेल्या कोटीभर फोटॉनांपैकी एखादाच रंग बदलून परततो. द्रावण पातळ असेल, तर मिनिट-मिनिट एक्स्पोजर द्यावं लागतं. थंडीत यंत्र उत्तम चाललं. मे महिन्यात दुपारची वीज जाऊ लागली, एसी बंद पडू लागला, आणि एका विद्यार्थिनीला वर्णपटात नवीच सुबक रेषा दिसली. आम्ही नमुना काढला, लेसर बंद केला, फायबरच्या तोंडाला टोपण लावलं. रेषा जागची हलली नाही! डिटेक्टरचाच एक पिक्सेल तापला होता.

डिटेक्टर थंड ठेवणारा पेल्टियर कूलर उष्णता नाहीशी करत नाही, मागच्या पंख्याकडे ढकलतो. त्यामुळे तो खोलीपेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतो. 25 अंशांच्या खोलीत उणे 10 गाठताना ज्याचा पूर्ण जोर लागतो, तो 40 अंशांच्या खोलीत अधिक 5च्या आसपास अडकतो. सिलिकॉन डिटेक्टरमधला अंधारातला प्रवाह (डार्क करंट), म्हणजे प्रकाश नसतानाही जमणारे इलेक्ट्रॉन, साधारण दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो. म्हणजे इथे तो चौपटीच्या वर गेला.

‘डार्क वजा करा, झालं,’ असं विक्रेत्याचा माणूस म्हणाला. ते अर्धंच खरं आहे. अंधाराचे 900 इलेक्ट्रॉन वजा होतात, पण त्यांतला सुमारे 30चा चढउतार मागे उरतो. तुमची रेषाच 25 इलेक्ट्रॉनांची असेल, तर ती त्यात बुडालीच.

म्हणून चाचणी स्वतःच्या प्रयोगशाळेत, भर उन्हाळ्यातल्या दुपारी घ्या. टोपण लावून, तुमच्या कामाला लागतं तेवढंच एक्स्पोजर द्या आणि तासाभराने पुन्हा तेच करून पाहा. पावसाळ्यासाठी डिटेक्टरची कुपी हवाबंद आहे का ते विचारा. थंड काचेवर दव धरतं. एक्स्पोजर सेकंदाच्या आतलं असेल, तर मात्र थंडाव्यावर पैसे घालू नका. तिथे वाचनाचा गोंगाट मोठा असतो आणि तो थंड करून फारसा घटत नाही. तेच पैसे जास्त संवेदनशील डिटेक्टरवर घाला.

खरेदीच्या अटींत ‘खोली 40 अंशांवर असताना’ हे शब्द घाला. विक्रेता त्यावर सही करत नसेल, तर दुसरा बघा.