आमचा रॉड कोणी जाळला?



दिवाळीपासून आमच्या घरी पाणी तापवायचे दोन रॉड जळाले. पहिला गेला तेव्हा कोणी काही बोलले नाही. दुसरा गेला तेव्हा अण्णा आईला म्हणाले, "तू रॉड पाण्याबाहेर काढतीस आन् बटन चालूच ठेवतीस. मग जळंल नाहीतर काय?" आई म्हणाली, "मी एकदाही तसं केलेलं नाही." मला माहीत होते की ती खरे बोलते, कारण सकाळी बटण बंद करायचे काम माझे आहे. म्हणजे बोलणी बसायचीच तर मला बसायला हवी होती.

तो जळालेला रॉड मी दप्तरात घालून शाळेत आणला. त्याच्या वेटोळ्यांवर पांढरी, टणक खपली होती. नखाने निघेना. दगडाने ठोकली तेव्हा एक तुकडा पडला. गुरुजींनी त्यावर लिंबू पिळायला सांगितले. पिळले तर फसफस करून बुडबुडे आले. गुरुजी म्हणाले, "ही चुनखडी. कॅल्शियम कार्बोनेट. तुमच्या बोअरच्या पाण्यानं बसवलीय."

मला पटेना. आमच्या बोअरचे पाणी काचेसारखे स्वच्छ आहे. त्यात दगड कुठून येईल?

तर ते असे आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू घेते व किंचित आंबट होते. असे पाणी जमिनीत मुरताना चुना विरघळवून बरोबर नेते. आपल्या काळ्या रानात खणले की पांढरे चुनखड निघतात, ते सर्वांनी पाहिलेच आहेत. खालचा काळा पाषाण तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि त्यातही कॅल्शियम व मॅग्नेशियम असते. विरघळलेली साखर जशी दिसत नाही तसा हा चुनाही दिसत नाही. पण पाणी तापले की तो वायू उडून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन बाहेर पडतो. सर्वांत गरम जागा रॉडची, म्हणून तो तिथेच जास्त बसतो.

आता रॉड का जळतो ते सांगते. ही खपली म्हणजे रॉडला घातलेली गोधडीच. आतल्या तारेची उष्णता पाण्यात लवकर जात नाही. पाणी तापायला उशीर, वीज जास्त, आणि आतली तार प्रमाणाबाहेर तापून शेवटी तुटते. कधी कधी वरची नळीच तडकते व पाण्यात करंट उतरतो. म्हणून पाणी तापले का हे बघायला बटण चालू असताना बादलीत कोणी हात घालू नये. आधी बटण बंद करून पिन काढावी.

गुरुजींनी मला घरी एक प्रयोग करायला सांगितला. तीन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत अंगणात पातेले ठेवून धरलेले पावसाचे पाणी, दुसरीत बोअरचे, तिसरीत बोअरचेच पण उकळून, निवळून वरचे घेतलेले. तिन्हींत कपड्याच्या पावडरचे पाणी टाकले तर तिन्हींत फेस! मी रडकुंडीला आले. गुरुजी हसले. पावडर वेगळ्या द्रव्याची असते, तिला जड पाण्यातही फेस येतो. साध्या साबणाची वडी घ्यायला हवी होती. मग वडी किसून तिचे पाणी केले आणि थेंब मोजले. पावसाच्या पाण्याला ५ थेंबांत फेस आला. बोअरच्या पाण्याला ३१ लागले, आणि नुसता पांढरा साका तरंगायला लागला. उकळलेल्याला १९. म्हणजे उकळून काही जडपणा जातो, सगळा जात नाही. जातो तो तात्पुरता आणि राहतो तो कायमचा. पुस्तकात जड पाण्याला 'दुष्फेन' पाणी म्हणतात, ते नाव मला आता समजले.

ग्रामपंचायतीच्या फलकावर आमच्या बोअरचा तपासणी अहवाल लावला होता. दुष्फेनता लिटरला ५४० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्यासाठी २०० पर्यंत चांगले, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे आम्ही पितो ते पाणी विष नाही. पण मी हिशेब केला. १५ लिटरच्या बादलीत ८ ग्रॅमहून जास्त क्षार. रोज ३ बादल्या, वर्षाचे ३६५ दिवस, एकूण जवळजवळ ८ किलो ८७० ग्रॅम! सगळे रॉडवर बसत नाहीत हे खरे, पण बसतात तेवढे पुरे होतात.

हेच पाणी कूलरमध्ये घातले की ते उडून जाते आणि क्षार वाळ्यावर राहतात. म्हणून तो एका उन्हाळ्यात कडक होतो. गीझरच्या आत, सोलरच्या नळ्यांत आणि शेतात ठिबकच्या तोंडाशीही तीच खपली बसते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर नळाचे पाणी घालूच नये, डिस्टिल्ड घालावे. तुरटीने गाळ खाली बसतो पण जडपणा जात नाही, आमच्या आजीचा तसा समज होता. मात्र आजी डाळ शिजवायला आडाचे पाणी आणायची ते बरोबर होते. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही.

रॉडवर पातळ थर असतानाच तो घालवावा. पिन काढून रॉड गार होऊ द्यावा. मग वेटोळे तेवढे लिंबाच्या पाण्यात तासभर बुडवावे व फडक्याने पुसून स्वच्छ धुवावे. सुरीने खरवडू नये, वरचा मुलामा जातो.

हे सगळे मी अण्णांना वहीतून वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. परवा त्यांनी तिसरा नवा रॉड आणला. रविवारी पाणी तापल्यावर स्वतः पिन काढली, रॉड उजेडात धरून पाहिला आणि आईला म्हणाले, "लिंबू हाय का गं घरात?"