विहिरीतलं कासव घरी ठेवलं तर?

प्रश्न : उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना तळाशी एक कासव सापडलं. मुलांनी हट्ट केला म्हणून घरी आणलं आणि सिमेंटच्या टाकीत ठेवलं. चपातीचे तुकडे खातं, मुलांच्या हाताला सरावलं आहे. शेजारचे म्हणतात, हा गुन्हा आहे, फॉरेस्टवाले आले तर महागात पडेल. आम्ही त्याला मारत नाही, विकत नाही, उलट जीव लावतो. मग गुन्हा कसला?
– एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : शेजाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. जीव लावणं हा गुन्हा नाही, पण ज्या जिवाला लावला तो तुमचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचं रानटी कासव, घोरपड, अजगर, नाग हे सगळे संरक्षित केले आहेत. ते घरात ठेवायला सामान्य माणसाला परवाना मिळत नाही. शिकार म्हटलं की आपल्याला बंदूक आणि फासा आठवतो. कायद्याच्या व्याख्येत मात्र जिवंत पकडणंही शिकारच आहे, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी उचलणं किंवा घरटं मोडणंही त्यातच येतं. म्हणून ‘आम्ही मारलं नाही’ हा बचाव चालत नाही.

तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून ते कासव कोणतं हे ठरवणं अवघड आहे. आपल्या विहिरी-तळ्यांत बहुधा दोन प्रकार सापडतात. एकाच्या पाठीवर चिवट, गुळगुळीत कातडं असतं, नाकाचं टोक नळीसारखं पुढे आलेलं असतं, आणि मागचे पाय आत ओढले की पोटाखालच्या कातडी झडपा त्यावर मिटतात. दुसऱ्याची पाठ काळपट आणि टणक असते, तिच्यावर तीन उभे कंगोरे दिसतात. टाकीत वाकून एकदा नीट पाहा. पहिलं असेल तर ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड आहे. इतर संरक्षित प्राण्यांच्या बाबतीत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाच्या या रकमा २०२२ च्या दुरुस्तीने ठरल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

हे वाचून घाबरून रात्री ते कासव कुठेतरी सोडून येऊ नका. कायद्यात वाट सांगितलेली आहे. असा प्राणी हाती लागला की ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याला कळवायचं. तुमची मुदत उलटून गेली आहे, तरी आता स्वतःहून कळवणं हाच सरळ मार्ग. गावच्या वनरक्षकाला गाठा, नाहीतर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याचं ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. जखमी, आजारी, पोरके वन्यजीव तिथे बरे करून पुन्हा निसर्गात पाठवले जातात. पण वन विभागाला न कळवता परस्पर कुठेही नेऊन देऊ नका.

आता तुमच्या टाकीबद्दल. कासवाचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. ते उन्हात येऊन शेकतं, तापलं की पाण्यात उतरतं, आणि हे दिवसातून अनेकदा चालतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यामुळे खाल्लेला चुना कवचाला आणि हाडांना लागतो. सावलीतल्या टाकीत बसायला कोरडा दगड नाही, ऊन नाही आणि वर चपाती. अशा कासवाचं कवच हळूहळू मऊ पडतं, आकार बिघडतो. ते ओरडत नाही, कण्हत नाही, महिनोन्महिने तग धरून राहतं. त्यामुळे घरच्यांना ते ठणठणीत वाटतं. हाताला सरावलं असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते केवळ निपचित झालेलं असतं.

विहिरीतही ते सुखात होतंच असं नाही. पाणी स्वच्छ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यामागची भावना चांगली. पण बांधीव विहिरीच्या उभ्या काठावरून कासवाला वर येता येत नाही, आणि अंडी घालायला त्याला मऊ माती लागते, पाण्यात अंडी घालून भागत नाही. म्हणजे विहिरीतलं एकटं कासव वर्षानुवर्षं जगतं आणि मागे एकही पिल्लू न ठेवता संपतं. त्याला परत विहिरीत टाकायचं की तलावात सोडायचं, हे म्हणूनच वन विभागाला ठरवू द्या.

एका घराने एक कासव ठेवलं तर काय बिघडलं, असा तुमचा खरा सवाल आहे. हौसेची मागणी कुठवर जाते हे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या आपल्या तारा कासवाने दाखवलं आहे. शेताच्या बांधावरून, माळावरून ती गोळा होतात आणि पिशव्यांत कोंबून विमानाने परदेशात जातात. २०१८ साली सिंगापूरहून अशी ५१ कासवं कर्नाटकात परत आणावी लागली. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या जातीच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी घातली गेली. ती विकत घेणारेही आपापल्या परीने कासवाला जीवच लावत होते. कासव वयात यायला वर्षं लागतात आणि पिल्लांतली फार थोडी जगतात. मोठं झालेलं एक जरी रानातून उचललं, तरी ती जागा भरून यायला फार काळ जातो.

प्रश्न : आमच्या भागात एकाने मांडूळ धरून ठेवलं आहे. ते घरात असलं की पैसा येतो, बाहेरचे लोक लाखांत किंमत देतात, असं तो सांगतो. यात तथ्य आहे का?
– ता. आष्टी

उत्तर : काडीचंही नाही. मांडुळाला दोन तोंडं नसतात. शेपूट बोथट असते, शत्रूला फसवायला ते ती डोक्यासारखी हलवतं, एवढंच. ते बिनविषारी आहे, भुसभुशीत जमिनीत पुरून घेऊन राहतं आणि उंदीर खातं. भुईमुगाच्या, ज्वारीच्या रानात त्याच्याइतका फुकटचा राखणदार मिळणार नाही. किंमत लावणारे भेटतात खरे, पण त्या साखळीत कमाई होते ती गिऱ्हाईक फसवणाऱ्याची, आणि पोलिसांच्या सापळ्यात सापडतो तो गावातला पोरगा. महाराष्ट्रात अशा कारवाया वरचेवर होतात. मांडूळ संरक्षित आहे, नुसतं घरात बाळगणंही गुन्हा आहे, विकायला निघाल्यावर तर विचारूच नका.

घोरपडीचंही तसंच. तेलासाठी, मांसासाठी, पूर्वी दिमडी मढवायला तिचं कातडं लागे म्हणून ती मारली गेली. ‘हत्थाजोडी’ या नावाने जी दुर्मीळ मुळी म्हणून विकतात, ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. देव्हाऱ्यात काय ठेवलं आहे हे कळलं तर कितीतरी भाविक हादरतील.

प्रश्न : सर्पमित्राने पकडलेला साप त्याने स्वतःच्या घरी ठेवला, मुलांना दाखवला, व्हिडिओ केला, तर चालतं का? बत्तीस शिराळ्याला तर परवानगी मिळाली ना?
– ता. केज

उत्तर : नाही चालत. सर्पमित्राचं काम साप सुरक्षित पकडून वन विभागाला कळवणं आणि योग्य अधिवासात लवकरात लवकर सोडणं एवढंच आहे. बरणीत ठेवलेला नाग त्याच्याही घरात बेकायदाच. गळ्यात साप घालून केलेले व्हिडिओ पाहून पोरं नागाच्या फण्याला हात घालतात, हे मला फार धोक्याचं वाटतं. ऊसतोडीला, खुरपणीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात सर्पदंश काय असतो हे घराघरांत माहीत आहे.

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक काढत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते थांबलं. २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २१ नाग पकडायला जी मुभा दिली, ती शैक्षणिक हेतूने, अटी घालून आणि मोजक्या दिवसांपुरती. करमणूक, स्पर्धा, मिरवणूक त्यात बसत नाही. घरी साप पाळायला तर तिचा आधार मुळीच नाही.

या कायद्याने गारुड्यांची पिढीजात रोजी गेली, हेही मान्य केलं पाहिजे. त्यांच्या ज्ञानाचं दुसरं काही करता आलं असतं. तमिळनाडूत इरुला जमातीने १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. तिचे सभासद परवान्याने साप पकडतात, विष काढून घेतात आणि साप पुन्हा सोडून देतात. त्या विषातून सर्पदंशावरची लस बनते. आपल्याकडे असं काही उभं राहिलं नाही, याची मला खंत आहे.

प्रश्न : मग दुकानात काचेच्या भांड्यात छोटी हिरवी कासवं उघड विकतात, ती कशी? आणि इग्वाना?
– अंबाजोगाई

उत्तर : कानामागे लाल पट्टा असलेलं ते कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. परदेशी जातींना आपल्या कायद्याने फार काळ हातच लावला नव्हता, म्हणून दुकानं चालली. आता तसं राहिलेलं नाही. २०२२ च्या दुरुस्तीने चौथी अनुसूची आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जाती तिच्यात आहेत. इग्वाना, आफ्रिकेतला बॉल पायथन अशा पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांची नोंद करावी लागते. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाले, आधीपासून जवळ असलेल्यांसाठी ६ महिन्यांची मुदत होती, आणि नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर होते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. दुकानदाराकडे कागद मागा, तो टाळाटाळ करू लागला तर तिथूनच मागे फिरा.

नॉर्वेने उलट टोक गाठून पाहिलं आहे. तिथे १९७७ पासून सरपटणारे प्राणी पाळायला सरसकट बंदी होती, २०१७ मध्ये १९ जाती तेवढ्या मोकळ्या केल्या. मोकळीक असली की काय होतं ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसतं : हौसेने आणलेले ब्रह्मदेशी अजगर दलदलीत सुटले आणि तिथले ससे, रकून खाऊन फस्त करताहेत.

म्हणून ते लाल कानांचं कासव आधीच घरात असेल तर एक पथ्य पाळा. रुपयाएवढं आणलेलं ते बशीएवढं होतं, पाणी रोज घाण करतं आणि नीट सांभाळलं तर ३० वर्षंही जगतं. कंटाळा आला म्हणून ते बिंदुसरेच्या धरणात, माजलगावच्या जलाशयात किंवा गावतळ्यात सोडू नका. ते आपल्या कासवांची शेकायची जागा आणि खाणं दोन्ही बळकावतं, वर परके रोग आणतं. सांभाळणं जमत नसेल तर १९२६ लाच फोन करा आणि कुठे द्यायचं ते विचारा.