वळिवड्याचे पोलिश निर्वासित : श्रद्धा आणि धैर्य

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, या स्थानकाजवळ सुमारे पाच हजार पोलिश माणसे वस्ती करून होती. त्यांत कर्ते पुरुष फारच थोडे. बहुतेक स्त्रिया आणि मुले. आपल्या यावलहून हे ठिकाण सहाशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि पोलंड तर आपणास पाठ्यपुस्तकात भेटतो तो १ सप्टेंबर १९३९ या तारखेपुरताच. पण युद्धात ख्रिस्ती श्रद्धेने सामान्य माणसाला कसे बळ दिले, याचा अभ्यास करावयाचा असेल, तर युरोपात जाण्याची गरज नाही. त्याचे उदाहरण पंचगंगेच्या खोऱ्यातच घडलेले आहे.

ही माणसे येथवर आली कशी? हिटलरने पश्चिमेकडून हल्ला केल्यावर सतराव्या दिवशी, १७ सप्टेंबर १९३९ रोजी, सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या. पुढे फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार खेपांत पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तान अशा मुलखात नेऊन टाकण्यात आले. पहिली खेप ऐन हिवाळ्यात, १० फेब्रुवारीला निघाली. जंगलतोड, उपासमार, विषमज्वर यांनी घरेच्या घरे ओस पडली. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा ३० जुलै रोजी लंडनमधील पोलिश सरकार व मॉस्को यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांतून सैन्य उभारले. १९४२ साली सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय मिळून लाखाच्या वर माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष आघाडीवर गेले. बायकामुलांपैकी काही आफ्रिकेत, काही अन्यत्र, आणि काही हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. वळिवड्याची वसाहत त्याहून कितीतरी मोठी होती, तरी तिची आठवण कमी निघते.

आता श्रद्धेविषयी. पोलंडमध्ये कॅथलिक धर्म व देश या दोन गोष्टी वेगळ्या काढणे कठीण, आणि त्याला इतिहास कारण आहे. १६५६ साली स्वीडनच्या स्वारीत देश बुडत असता राजा यान काझीमिएर्झ याने ल्वूव शहरी मरियेला पोलंडची राणी म्हणून घोषित केले. (त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. तुळजाभवानीचे मराठी मनातले स्थान ध्यानात घेतले म्हणजे ही घोषणा आपणास परकी वाटणार नाही.) पुढे १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड नकाशावरच नव्हता, तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. त्या सव्वाशे वर्षांत देश जिवंत राहिला तो भाषेत आणि प्रार्थनेत. १९०१ साली व्झेश्न्या या गावातील शाळकरी मुलांनी धर्मशिक्षणाचा तास जर्मन भाषेतून घेण्यास नकार दिला आणि त्यापायी वेताचे फटके खाल्ले. अशा मुलांची पिढी पुढे आई-आजी झाली, हे लक्षात घेतले पाहिजे.

सोव्हिएत हद्दीत धर्माचरणाला दडपून टाकले जाई. तेथे चर्च नाही, धर्मगुरू नाही, रविवारची सुट्टीही नाही. मग आई तोंडपाठ असलेल्या प्रार्थना रात्री मुलांकडून हळू आवाजात म्हणवून घेई. पावाच्या लगद्याचे मणी वळून त्यांची जपमाळ करणारेही होते. उपाशी माणसाने पावाचे मणी करावेत, याचा अर्थ शांतपणे विचार केल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते या लोकांच्या धैर्याचे मूळ तेथे आहे. ते रणांगणावरचे शौर्य नव्हे. आज कोणता वार, उद्या कोणता सण, आपण कोण आणि आपली भाषा कोणती, एवढे विसरू न देण्याचा तो हट्ट होता. प्रार्थनेने भाकरी मिळाली नाही आणि प्रार्थना करणारेही थंडीने मेले, हेही नमूद केले पाहिजे. श्रद्धेला चमत्काराचे श्रेय देणे म्हणजे मेलेल्यांवर अन्याय करणे होय.

वळिवड्यास आल्यावर हाच हट्ट उघड्यावर आला. लांबच लांब बराकींच्या त्या गावात चर्च उभे राहिले. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत शिक्षणाची सोय झाली; दवाखाना, बालवीर पथके, नाटके, सारे सुरू झाले. कोल्हापूर संस्थानच्या भूमीवर पोलिश पंचांग चालू लागले. त्यांच्यात नाताळच्या पूर्वसंध्येला आकाशात पहिली चांदणी दिसली की पातळ पापडीसारखी रोटी एकमेकांत मोडून वाटण्याची आणि पंगतीत एक जागा रिकामी ठेवण्याची रीत आहे. ती जागा अवचित येणाऱ्या पाहुण्याची. ज्यांचे नवरे आणि मुलगे आघाडीवर होते, किंवा ज्यांची माणसे सैबेरियात पुरली गेली होती, त्या घरांत त्या रिकाम्या जागेकडे कोण कशा नजरेने पाहत असेल, हे सांगावयास नको.

त्यांचे पुरुष इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी मॉन्टे कॅसिनोच्या मठावर पोलिश तुकडीने निशाण लावले. ब्रिटिशांच्या त्याच आठव्या सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीही होती. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीतच देह ठेवला व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्याची बाई आणि रायगड जिल्ह्यातील बाई एकाच आघाडीवरच्या पत्राची वाट पाहत होत्या.

खरी कसोटी मात्र विजयानंतर लागली. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे जाणार हे ठरून गेले. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध जिंकले, पण परत जावयाचे गावच परराज्यात गेले! सैबेरियात जी प्रार्थना ‘घरी ने’ अशी होती, तिचा शब्दशः अर्थ आता उरला नाही. तरीही वसाहतीतील शाळा भरत राहिल्या आणि चर्चची घंटा वाजत राहिली. थोडे लोक नव्या पोलंडात परतले. बरेच जण ब्रिटन व इतर देशांत विखुरले. काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. १९९८ साली महावीर उद्यानात या वसाहतीचे स्मारक उभे राहिले.

१९४८ मध्ये बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीमुळे घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे तेथे राहावयास आली, आणि वस्तीला गांधीनगर हे नाव पडले. कापडाच्या घाऊक खरेदीसाठी आज लोक ज्या गांधीनगरला जातात, ते हेच.