फिरोजी पाण्यातलं तांबं

प्रश्न : इचलकरंजीत आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे. चुना, फटकडी टाकूनही सांडपाण्यातलं तांबं कमी होत नाही. काय करावं?

उत्तर : फिरोजी रिॲक्टिव्ह रंग वापरता का? त्यात तांबं रंगाच्या रेणूतच जखडलेलं असतं. नुसत्या चुन्यानं ते सुटत नाही. आधी रंग मोडा. फिरोजीचं पाणी वेगळं साठवा, आम्लानं सामू ३ वर आणा, फेरस सल्फेट आणि हायड्रोजन पेरॉक्साईड द्या. मग चुन्यानं सामू ९ च्या आसपास न्या. लोहाबरोबर तांबंही खाली बसतं. घाई मात्र नको: पेरॉक्साईड शिल्लक असेल तर बुडबुड्यांनी गाळ वर तरंगतो. मात्रा आधी बीकरमध्ये ठरवा. हा गाळ घातक कचरा आहे, पंचगंगेकाठी कृपा करून टाकू नका. तो अधिकृत विल्हेवाट केंद्रातच पाठवा.