ट्रॅक्टर गेला का?

१. आडवाटेची निम्मी भटकंती घरच्या टेबलावरच होते, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते. उपग्रहचित्रावर घाटमाथ्याची कच्ची वाट माऊसने रेखत न्यायची, ओढा आला की वेपॉइंट टाकायचा, जीपीएक्स फाइल हातातल्या गार्मिन जीपीएसवर चढवायची. बायको म्हणते, "झालं की जाऊन! आता परत कशाला जातोस?"

२. आपण नेमके कुठे आहोत हे यंत्राला कळतं. नकाशाचं त्याच्याशी जमेलच असं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीटं एव्हरेस्ट डेटमवर बेतलेली, जीपीएसचा हिशोब डब्ल्यूजीएस ८४ चा. स्कॅन केलेलं शीट ओझीएक्सप्लोररमध्ये बसवताना हे जुळवलं नाही, तर आपल्या भागात सगळं शंभरेक मीटर सरकतं. माळावर ते खपून जातं. घाटमाथ्यावर मात्र शंभर मीटर म्हणजे कड्याच्या वर की खाली, एवढा प्रश्न असतो. म्हणून शीटवरचा एखादा पूल गाठून गाडी थांबवायची. पडद्यावरचा बाण नदीत पोहत असेल, तर पुढे जायचं नाही.

३. रस्ता शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरला अंतर कळतं, चिखल कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर कच्च्या वाटांना 'ग्रेड १' ते 'ग्रेड ५' अशी प्रत लावता येते. ती लावणारा तुमच्या-माझ्यासारखाच हौशी, आणि बहुधा हिवाळ्यात हिंडलेला. जानेवारीतली 'ग्रेड २' पाणंद ऑगस्टमध्ये कुठल्याच ग्रेडची उरत नाही.

४. हे सगळं फोनवरही होतं, मान्य. पण डॅशबोर्डवर उन्हात तापलेला फोन ऐन वळणावर मान टाकतो. माझ्या गार्मिन ईट्रेक्सला दोन पेन्सिल सेल लागतात, आणि ते गावच्या टपरीवर मिळतात.

५. मला सगळ्यात उशिरा पटलेली गोष्ट म्हणजे ट्रॅकलॉग. तो बंद करायचाच नाही. कोकणच्या सड्यावर जांभ्यावरून चाकोऱ्या चहूकडे फुटतात. जाताना प्रत्येक वाट निराळी वाटते, येताना सगळ्या एकसारख्या. तेव्हा आपलीच मागे उमटलेली रेघ धरून निघायचं. अरुंद दरीत मात्र सिग्नल कड्यांवर आपटून येतो आणि ती रेघ उड्या मारते. आपण कधीच न चढलेला कडा चढून गेल्याचा पुरावा माझ्याकडे जपून ठेवलेला आहे, पाहुण्यांना दाखवतो.

६. एवढं सगळं जवळ असूनही गाडीची काच खाली करावीच लागते. आणि विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. "रस्ता पुढे जातो का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "जातो की!" गावकऱ्यांचं चूक नसतं, माणूस जातो, म्हैस जाते. खरी माहिती "एवढ्यात ट्रॅक्टर गेला का?" असं विचारलं की मिळते. गवताचा भारा घेऊन निघालेल्या एका आजींना हेच विचारलं. भारा न उतरवता त्या म्हणाल्या, "गेला की. मग त्याला वढायला दुसरा आणला."

त्या वळणाच्या वेपॉइंटला मी 'दुसरा ट्रॅक्टर' असं नाव दिलं आणि गाडी वळवली.