जनावराच्या तोंडावरील गाठ व सूज : आधी ओळखा, मग उपचार करा



गाईच्या गालावर किंवा जबड्याखाली गाठ दिसली की उपाय सांगणारे अनेक भेटतात. कोणी लेप लावा म्हणतो, कोणी डागायला सांगतो, तर कोणी ब्लेडने फोडून मोकळा होतो. लांबून सर्व गाठी सारख्याच दिसतात. परंतु त्यांपैकी एक गाठ महिनोन्‌महिने तशीच राहते आणि दुसरी एका रात्रीत जनावर नेते. हा फरक गोठ्यातच, हाताने आणि थर्मामीटरने बराचसा ओळखता येतो.

प्रथम काय पाहावे?

१) सूज किती वेळात आली : काही तासांत, काही दिवसांत की महिन्यांत?
२) हाताला गरम लागते की गार? दाबल्यास जनावर दुखते म्हणून मान ओढते का?
३) कडक आहे की मऊ? बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो का?
४) कातडीबरोबर हलते की हाडाला घट्ट चिकटलेली आहे?
५) ताप किती? गाईचे गुदद्वारातील तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते.

तासांत वाढणारी गरम सूज : घटसर्प

घसा व जबड्याखाली गरम, दुखरी सूज, १०४ ते १०७ अंश ताप, तोंडातून लाळ आणि श्वास घेताना घरघर ही घटसर्पाची लक्षणे होत. हा जीवाणूजन्य रोग म्हशींत अधिक आणि पावसाळ्यात जास्त आढळतो. जनावर २४ तासांच्या आत दगावू शकते. औषध सुरुवातीच्या तासांतच उपयोगी पडते. म्हणून सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हाच खरा उपाय.

चरून आलेल्या जनावराचे नाकाड एकाएकी सुजले असेल, तर सर्पदंशाचीही शंका घ्यावी. येथेही वेळ दवडू नये.

गार, मऊ सूज : पाणी उतरणे

जबड्याखाली पिशवीसारखी सूज, हाताला गार, न दुखणारी, आणि दाबल्यावर खड्डा राहतो. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ती वाढते, सकाळी कमी दिसते. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहिल्यास आतून फिकट दिसते. ही गाठ नसून रक्तातील प्रथिने घटल्याची खूण आहे. यामागे बहुधा यकृतातील चपटे कृमी किंवा पोटातील जंत असतात. सुजेवर लेप लावून काहीही साधत नाही. शेण तपासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक पाजावे.

चपट्या कृमींची वाढ पाणथळ जागेतील गोगलगायीत होते व त्यांची पिल्ले पाण्याकाठच्या गवताला चिकटतात. धायरी परिसरात कालव्याच्या व ओढ्याच्या काठचे गवत कापून आणणाऱ्यांनी पाण्यालगतचे गवत ताजे घालू नये. ते कडक उन्हात चांगले वाळवावे.

हाडाला चिकटलेली कडक गाठ

जबड्यावर दगडासारखी, न हलणारी गाठ हळूहळू वाढते, पुढे फुटते आणि पिवळसर कणांचा पू वाहतो. दात हलतात, चावता येत नाही, जनावर खंगते. हे जीवाणू निरोगी जनावराच्या तोंडातही असतात. काटा किंवा कुसळ टोचून जखम झाली की ते हाडात शिरतात. लवकर उपचार केल्यास वाढ थांबते. वाढलेले हाड मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून गाठ सुपारीएवढी असतानाच दाखवावी.

येथे चाऱ्याचे महत्त्व कळते. सिंहगडाकडील डोंगरउतारांवरील कुसळी गवत पोषणाला वाईट नाही, पण कुसळे पक्व झाल्यावर ते तोंडात जखमा करते. म्हणून ते फुलोऱ्यात असताना, कुसळे कडक होण्यापूर्वीच कापावे. कडबा व वाळलेला चारा कुट्टी करून घालावा. चाऱ्यात बाभळीचे काटे व तारेचे तुकडे येणार नाहीत, हे पाहावे. २०१७ मध्ये धायरीचा उरलेला भागही पुणे महानगरपालिकेत गेला. शहरातील गोठ्याला चारा बाहेरून विकत आणावा लागतो, त्यामुळे पेंढी सोडून पाहण्याची सवय अधिक गरजेची आहे.

अंगभर गाठी : लम्पी

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग दिसला आणि पुढे राज्यभर पसरला. दुभती गाय दगावल्यास ३०,०००, बैलास २५,००० आणि वासरास १६,००० रुपये मदत तेव्हा शासनाने जाहीर केली. पण गेलेली गाय त्या रकमेत परत येत नाही. ताप, डोळ्यांतून पाणी आणि नंतर डोके, मान, पाय व कासेवर २ ते ५ सेंमीच्या कडक, गोल गाठी ही लक्षणे होत. प्रसार डास, चावणाऱ्या माश्या व गोचीड यांमुळे होतो. आजारी जनावर वेगळे बांधावे, गोठा कोरडा ठेवावा, जनावर बाजारात नेऊ नये. लस निरोगी जनावरासच टोचावी. हा रोग माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावे.

गळू

गरम, दुखरी गाठ काही दिवसांत मऊ पडली, तर ते गळू असू शकते. तेही पशुवैद्यक आधी सुई घालून आत पू आहे का ते पाहतात. गालाखालून रक्तवाहिन्या, नसा व लाळेची नळी जाते. घरी चिरल्यास रक्तस्राव होतो किंवा लाळ गळत राहते. डागल्याने तर मूळ रोग तसाच राहून वर भाजल्याची जखम होते आणि मौल्यवान वेळ वाया जातो.

लक्षात ठेवा

ताप व गरम सूज असल्यास त्याच तासाला, गार सूज असल्यास एक-दोन दिवसांत, आणि कडक गाठ असल्यास त्याच आठवड्यात जनावर दाखवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा. दर आठवड्याला धार काढून झाल्यावर प्रत्येक जनावराच्या जबड्यावरून एकदा हात फिरवावा. त्याला दोन मिनिटे लागतात आणि गाठ लहान असतानाच सापडते.